वस्तू तीच, नियम वेगळा : युरोपच्या ईएमसी निर्देशाचं एक वाचन

आज ज्या मजकुराची चिकित्सा करायची आहे तो कायद्याचा आहे. युरोपीय संघाचा २०१४/३० क्रमांकाचा निर्देश, २० एप्रिल २०१६ पासून लागू झालेला. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथून युरोपला माल पाठवणाऱ्यांना तो 'ईएमसी' या नावानं माहीत आहे.

त्याची मागणी तशी साधी. आपल्या उपकरणानं रेडिओ, टेलिफोन किंवा शेजारच्या यंत्राचं काम बिघडेल इतका विद्युतचुंबकीय उपद्रव करायचा नाही. आणि बाहेरून येणारा अपेक्षित उपद्रव सोसून आपलं काम करत राहायचं. यावर कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते व्याप्तीवर. हे लागू कुणाला?

आपण उत्तर वस्तूत शोधतो. 'सर्किट बोर्ड आहे ना, मग सीई लागणारच.' किंवा 'चोवीस व्होल्टवर चालतं, मग कशाला लागतंय?' दोन्ही वाचनं चुकीची. एसीसाठी ५० ते १००० व्होल्टची चौकट आहे ती लो व्होल्टेज निर्देशात. ईएमसीत अशी मर्यादाच नाही.

व्याख्या बघा. उपकरण म्हणजे तयार झालेलं, एक एकक म्हणून बाजारात आणलेलं, अंतिम वापरकर्त्यासाठी असलेलं, आणि उपद्रव करू शकणारं किंवा उपद्रवानं बिघडू शकणारं. म्हणजे ग्राहकानं दुकानातून आणून स्वतः संगणकात बसवायचा बोर्ड व्याप्तीत येतो. तसाच बोर्ड फक्त यंत्र बनवणाऱ्या कारखान्यासाठी असेल तर तो सुटा भाग. जबाबदारी यंत्र बनवणाऱ्याची. कंट्रोल पॅनेलचंही तसंच. कॅटलॉगमधून कुणालाही विकलं तर पूर्ण नियम. एकाच ठरलेल्या प्रकल्पासाठी बनवलं, इतरत्र विकलंच नाही, तर कलम १९ ची सवलत; मात्र तो प्रकल्प कोणता आणि तिथं कोणती काळजी घ्यायची, हे कागदपत्रांत लिहावं लागतं.

या मजकुराचं बळ इथंच आहे. वस्तू कुणाच्या हाती जाणार, हे तो विचारतो. पण दुबळेपणाही इथंच आहे. सगळा डोलारा 'कशासाठी अभिप्रेत' या एका कल्पनेवर उभा, आणि अभिप्रेत काय ते ठरतं कागदावर. 'स्वभावतः निरुपद्रवी' वस्तू वगळल्या आहेत. युरोपीय आयोगाची मार्गदर्शिका साध्या केबलसारखी उदाहरणं देते, पण ती मार्गदर्शिका म्हणजे कायदा नव्हे. शेवटी निर्णय उत्पादकाचाच. ज्याच्याकडे कायदा विभाग आहे त्याला ही मोकळीक वाटते. आपला माल पुढे कुठे बसणार हेच ज्याला कळवलेलं नसतं, त्या छोट्या व्हेंडरला तो सापळा वाटतो.

मग काय होतं? पर्चेस ऑर्डरवर एक ओळ येते : 'सीई आवश्यक'. व्हेंडर लॅबचं बिल भरतो, शिक्का मारतो, घोषणापत्रावर सही करतो. त्याला वाटतं, जास्तीची काळजी घेतली. पण ७६५/२००८ या नियमावलीचं कलम ३० सांगतं, की ज्या उत्पादनासाठी कायद्यानं सीई सांगितलेलं नाही त्यावर ते लावायचंच नाही. म्हणजे पैसेही गेले आणि नियमही मोडला! आणि घेणाऱ्याचं काम तरी कुठे झालं? सीईवाले भाग जोडले म्हणून अख्खं यंत्र आपोआप नियमात बसत नाही.

ग्राहकाला चाचणीचे आकडे हवे असतील तर जरूर द्या. पण तो करार झाला. शिक्का ही वेगळी गोष्ट.

म्हणून लॅबला फोन करण्याआधी ग्राहकाला मेल टाका. हा माल कोण बसवणार? कशात बसणार? सुटा विकला जाणार का? उत्तरं लेखी घ्या आणि फाइलला लावा. व्याप्ती कशी वाचली याचा पुरावा उद्या कुणी मागितला, तर तोच कागद तुमच्या बाजूनं बोलेल.