तापीकाठी वाचलेली सहा पुस्तके

ग्रंथपरीक्षण म्हणजे नव्याने प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांची ओळख, असा एक संकेत रूढ झाला आहे. या अंकात तो आम्ही पाळलेला नाही. गेल्या काही महिन्यांत आम्ही जी सहा पुस्तके वाचली किंवा पुन्हा वाचली, त्यांतील बहुतेक जुनी आहेत. त्यांत आत्मचरित्रे आहेत, कादंबऱ्या आहेत, बालपणीच्या आठवणी आहेत, कविता आहे. दोन पुस्तके तर गुजराती आहेत. त्यांना एकत्र आणणारा धागा एवढाच, की ती आम्ही इच्छापोरला, तापीच्या मुखाजवळ बसून वाचली. पुस्तकाची थोरवी पुण्यात किंवा मुंबईत ठरते हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी घराण्यांशी ते पुस्तक काय बोलते, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. तो आपणच विचारायला हवा.

पहिले पुस्तक अ. का. प्रियोळकरांनी संपादित केलेले आणि १९४७ साली प्रसिद्ध झालेले ‘रावबहादूर दादोबा पांडुरंग’. यात दादोबांचे अपुरे राहिलेले आत्मचरित्र आहे आणि पुढचे चरित्र प्रियोळकरांनी आपल्या संशोधकाच्या शिस्तीने जोडले आहे. दादोबा तर्खडकर (१८१४–१८८२) म्हटले की आपल्याला १८३६ चे मराठी व्याकरण आठवते. फार तर मोरोपंतांच्या केकावलीवरील ‘यशोदा पांडुरंगी’ ही टीका आठवते. पण हे व्याकरणकार काही वर्षे सुरतेत शिक्षक होते आणि १८४४ साली दुर्गाराम मंछाराम मेहता प्रभृती गुजराती मित्रांबरोबर त्यांनी इथे ‘मानवधर्मसभा’ स्थापन केली, याची आठवण खुद्द सुरतेतील मराठी घरांतही फारशी उरलेली नाही. ईश्वर एक, मनुष्यजात एक आणि धर्मही एक, असे मानणारी ही सभा मुंबईच्या परमहंस सभेच्या आधीची आहे. दादोबा मुंबईस परतले, पुढे दुर्गाराम राजकोटला गेले आणि सभा ओसरली. आमचे मत असे, की हे पुस्तक साहित्यगुणांसाठी वाचू नये. निवेदन संथ आहे आणि तपशील पुष्कळ. ते वाचावे ते एका परक्या शहरात आलेला मराठी माणूस तिथल्या माणसांबरोबर किती खोल काम करू शकतो हे पाहण्यासाठी. दादोबांनी सुरतेत मराठी लोकांची निराळी सभा काढली नाही. हा मुद्दा आम्हाला त्यांच्या व्याकरणाइतकाच मोलाचा वाटतो.

दादोबांनंतर नर्मदाशंकरांची ‘मारी हकीकत’ हाती घेणे क्रमप्राप्तच होते. नर्मद (१८३३–१८८६) सुरतेचा, आमलीरानचा. बालपणी दुर्गारामांच्याच शाळेत शिकलेला. त्याने १८६६ साली ही हकीकत लिहून मोजक्या प्रती छापल्या. सर्वसामान्य वाचकांसाठी ती जन्मशताब्दीच्या निमित्ताने १९३३ साली प्रकाशित झाली. मराठीत आत्मचरित्रांची परंपरा समृद्ध आहे आणि तिचा आपल्याला अभिमानही आहे. तरीही स्वतःची दुर्बलता, कर्ज, भीती, विषयासक्ती आणि कीर्तीची हाव इतक्या उघडपणे मांडणारे त्या काळातील मराठी आत्मकथन आमच्या वाचनात नाही. नर्मदाचे गद्य तुटक आहे; कित्येक ठिकाणी ते टिपणासारखे होते. गुजराती टीकाकारांना तो दोष वाटो, आम्हाला त्या तुटकपणातच खरेपणाची खूण दिसते. १८५८ साली नोकरी सोडून केवळ लेखणीवर जगण्याचा निश्चय करणारा हा माणूस ज्या गल्लीत राहिला, ती आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवर आहे. आपल्या घरातील मुले शाळेत नर्मदाच्या कविता शिकतात आणि वडीलधाऱ्यांना मात्र त्याचे नावच तेवढे माहीत असते, हे बरे नव्हे.

तिसरे पुस्तक काका कालेलकरांचे ‘स्मरणयात्रा’. साताऱ्यास १८८५ साली जन्मलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर गुजराती गद्याचे शैलीकार झाले आणि गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटले, ही कथा सर्वश्रुत आहे. या पुस्तकात त्यांनी सातारा, कारवार, बेळगाव, धारवाड या परिसरातील आपले बालपण सांगितले आहे. म्हणजे घर मराठी, सणवार मराठी, आईचे शब्द मराठी. आणि सांगण्याची भाषा गुजराती. हे पुस्तक वाचताना आम्हाला दोन परस्परविरोधी भावना जाणवल्या. एकीकडे कौतुक, कारण लहान मुलाच्या मनातील लाज, हट्ट आणि धास्ती काकासाहेब कसलाही गाजावाजा न करता टिपतात. दुसरीकडे थोडी हुरहूर, कारण हे बालपण मुळात मराठीत लिहिले गेले असते तर ते आपल्या गद्याचे एक भूषण ठरले असते. परंतु विचार करता ही हुरहूर आम्हाला टिकणारी वाटत नाही. आपल्या घरांतील पुढची पिढी आपल्या आजीविषयी लिहील, तर बहुधा गुजरातीतच लिहील. तिने काकासाहेबांसारखे लिहिले, तर आपण काही गमावले असे म्हणता येणार नाही. तिने मुळीच लिहिले नाही, तर मात्र खरोखर गमावले.

आता ज्या विषयावर मतभेद होणार, तिकडे वळू. ऐतिहासिक कादंबरी हा आपल्या घरांचा आवडता प्रकार आहे आणि रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ जवळजवळ प्रत्येक कपाटात आहे. आम्ही ती पुन्हा वाचली, आणि नरहर कुरुंदकरांची दीर्घ प्रस्तावना दोनदा वाचली. आमचे स्पष्ट मत असे, की कादंबरीहून प्रस्तावना अधिक टिकाऊ आहे. कादंबरी आपल्याला भारावून टाकते. कुरुंदकर आपल्याला विचार करायला लावतात. महाराजांच्या मृत्यूनंतर नेता नसतानाही रयत इतकी वर्षे का लढली, हा त्यांचा प्रश्न शौर्याच्या दहा वर्णनांपेक्षा महाराजांचे मोठेपण अधिक उघड करतो. सुरतेत राहून शिवचरित्र वाचणाऱ्याला आणखी एका प्रश्नाला सामोरे जावे लागते. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० या दोन स्वाऱ्या मराठी कादंबरीत मोगली सत्तेला दिलेला तडाखा म्हणून येतात, आणि राज्यकारणाच्या दृष्टीने ते योग्यही आहे. सुभेदार इनायतखान शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात लपला, हेही खरे. पण जळालेल्या पेठांत राहणारी माणसेही होतीच. आपले शेजारी त्या माणसांच्या शहराचे वारस आहेत, आणि आता आपणही आहोत. या दोन्ही बाजू एका पानावर मांडणारी मराठी कादंबरी आम्हाला अजून भेटलेली नाही. ती पुण्यात लिहिली जाईल अशी आशा करण्यापेक्षा सुरतेतील एखाद्या मराठी लेखकाने ती लिहावी, असे आम्हाला वाटते. महाराजांविषयीच्या आदराला त्याने बाध येत नाही. जो आदर प्रश्न सहन करतो, तोच खरा.

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) ही आमच्या यादीतील पाचवी. धरणग्रस्तांच्या वाताहतीवरील या कादंबरीस १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लेखक महसूल प्रशासनात अधिकारी राहिलेले असल्याने मोजणी, नोटिसा, मोबदला आणि दलाल यांचे जाळे त्यांनी आतून पाहिलेले आहे; कादंबरीचे बळ त्यातच आहे. तिचा दोषही तिथूनच येतो. तपशिलाचा भार इतका होतो, की काही पात्रे माणसे न राहता प्रकरणे होऊन बसतात आणि दुष्टांचा दुष्टपणा अगदी एकरंगी होतो. तरीही आम्ही ती आग्रहाने वाचायला सांगू. तापीवरील उकाई धरण १९७२ साली पूर्ण झाले. सुरत आणि आसपासचा प्रदेश ज्या पाण्यावर उभा आहे, त्या पाण्याखाली दुसऱ्यांची, मुख्यतः आदिवासींची, गावे आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये त्याच धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली, तेव्हा घर पाण्यात जाणे म्हणजे काय, हे या शहराला काही दिवसांपुरते कळले. आपले पाणी ओसरले. त्यांचे ओसरले नाही. हजिऱ्याच्या रस्त्याला लागून इच्छापोरच्या आसपास शेतांच्या जागी कारखाने आलेले आपण पाहिले आहेत. त्यामुळे ही कादंबरी आपल्यासाठी दूरच्या कुण्या खोऱ्याची गोष्ट राहत नाही.

शेवटी कविता. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली, म्हणजे बहिणाबाईंच्या निधनानंतरच्या वर्षी, प्रकाशित झाली. आचार्य अत्रे यांनी त्यांची थोरवी ओळखली आणि महाराष्ट्राला ओळखायला लावली. या निरक्षर शेतकरी स्त्रीच्या ओव्यांवर नवे काही लिहावे अशी आमची योग्यता नाही. आम्हाला लिहायचे आहे ते वाचकांविषयी. आपल्या कार्यक्रमांत बहिणाबाईंची गाणी म्हटली जातात, त्यांतील शहाणपणाला दाद मिळते. मग लिंबायत किंवा उधना भागातील खानदेशी माणूस आपल्या बोलीत बोलू लागला, की त्याच सभागृहात ओठांवर स्मित का उमटते? बहिणाबाईंची लेवा बोली आणि अहिराणी या दोन निराळ्या बोली आहेत हे खरे. पण आपल्या हसण्यामागे असला भाषाशास्त्रीय विवेक नसतो. बडोदे संस्थानच्या काळात नवसारी, व्यारा, सोनगड या बाजूंनी कारकुनी, वकिली, शिक्षकी करीत आलेली घराणी आणि भुसावळच्या गाडीने येऊन मागावर उभा राहिलेला कामगार, यांच्यामध्ये आपण एक भिंत बांधून ठेवली आहे. सुरतेत मराठी आज मोठ्या संख्येने बोलली जाते ती त्या कामगारांच्या वस्त्यांत. ज्या मंडळाच्या सभासदांत ती माणसे नाहीत, त्या मंडळाने बहिणाबाईंना आपले म्हणताना थोडे अडखळायला हवे.

या सहा पुस्तकांवरील मते आमची आहेत. ती सर्वांना पटावीत असा आग्रह नाही. पण त्यांतून एक निष्कर्ष आम्ही काढतो आणि तो मंडळासमोर ठेवतो. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९१० नंतर ग्रंथालये गावोगावी गेली, आणि त्यांत मराठी व गुजराती पुस्तके शेजारी शेजारी राहिली. आपल्या कपाटांत मात्र हळूहळू एकच भाषा आणि त्या भाषेतही एकच प्रकार उरत चालला आहे. यापुढे ग्रंथखरेदी करताना चार मराठी पुस्तकांमागे एक गुजराती घ्यावे, ऐतिहासिक कादंबरीबरोबर इतिहासाचा एक तरी ग्रंथ घ्यावा, आणि खानदेशी बोलीतील लेखन मुद्दाम मागवावे. दादोबांनी सुरतेत येऊन शेजाऱ्यांशी संवाद मांडला, त्याला पावणेदोनशे वर्षे उलटून गेली. त्या संवादाला लागणारी दोन्ही भाषांची पुस्तके आपल्या आवाक्यात आहेत. ती वाचायला घेणे एवढेच बाकी आहे.