मुरलेलं लाकूड, दोन पुस्तकं आणि एक चीर

या वेळी सॅम्पलिंग किंवा सायटेशनवर लिहिणार नाही. या वेळी माझ्या हॉलमधल्या टीपॉयवर लिहिणार आहे, आणि त्या निमित्ताने दोन पुस्तकांवर. पीएचडीच्या तयारीत असणाऱ्यांनी हे का वाचावं, हा प्रश्न रास्त आहे. पुढे वाचा, तुमच्या सिनॉप्सिसमधलं एखादं वाक्य आठवून जीभ चावाल अशी मला खात्री आहे.

आधी घटना. गावचं आजोबांचं घर पाडलं तेव्हा माळ्याच्या सागवानी फळ्या निघाल्या. भंगारवाला भाव करत होता, मी चार फळ्या बाजूला काढून पुण्याला आणल्या. आमच्या घरात त्या घराचं तेवढंच उरलंय. सुतारकाकांनी जुलैत रंधा मारून, जोडून साठ सेंटिमीटर रुंद आणि एकशे दहा लांब असा छान टॉप करून दिला. खाली मला लोखंडी फ्रेम हवी होती. काका म्हणाले, "ताई, फ्रेमची भोकं लांबट करून घ्या, अन् स्क्रू फार आवळू नका." मी मनात म्हटलं, ऐंशी-नव्वद वर्षं मुरलेलं लाकूड आहे, आता ते काय हलणार? भोकं गोलच ठेवली, दहा स्क्रू ताकद लावून आवळले. वरून पीयू पॉलिशचे चार हात मारले, खालून एकही नाही, कारण खालचं कोण बघतंय! मार्चमध्ये एका रात्री हॉलमधून काडकन आवाज आला. सकाळी एका टोकापासून मध्यापर्यंत चीर.

यात लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की माझा संशोधनाचा विषय कोटिंग्ज हाच आहे.

"मुरलेलं लाकूड हलत नाही" हे वाक्य मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. ते ऐकलेलं होतं, सगळ्यांकडून. आणि सगळे म्हणतात म्हणून मी त्याला सिद्ध धरलं होतं. चीर पडल्यावर मग मी पुस्तकं काढली. म्हणजे लिटरेचर रिव्ह्यू प्रयोगानंतर केला. (तुमच्यापैकी काहीजण हेच करणार आहेत, मला माहीत आहे.)

पहिलं पुस्तक जॉर्ज नाकाशिमा यांचं 'द सोल ऑफ अ ट्री', १९८१ सालचं. नाकाशिमा १९०५ साली अमेरिकेत जन्मलेले जपानी वंशाचे वास्तुरचनाकार. अँटोनिन रेमंड यांच्या कार्यालयातर्फे ते पाँडिचेरीला अरविंद आश्रमाच्या गोलकोंड इमारतीच्या कामावर आले, तिथे त्यांना 'सुंदरानंद' हे नाव मिळालं. युद्धकाळात अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत टाकलं, तेव्हा आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत एका जपानी सुताराच्या हाताखाली त्यांनी हत्यारं नीट धरायला शिकली. १९४३ नंतर पेनसिल्व्हेनियात न्यू होप इथे त्यांचा कारखाना उभा राहिला. आज ऑनलाइन दुकानांत 'लाइव्ह एज' म्हणून जी टीपॉयं दिसतात, झाडाची नैसर्गिक कड तशीच ठेवलेली, भेगेवर फुलपाखराच्या आकाराची खुंटी बसवलेली, त्यांच्या मागे बऱ्याच अंशी हा माणूस आहे.

पुस्तक सुंदर आहे, हे आधी मान्य करते. झाड कापलं जाताना स्वतः उभं राहून पाहणारा, ओंडक्यातल्या फळ्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने ठेवून वाळवणारा, एका फळीसाठी योग्य उपयोग सुचेपर्यंत वर्षानुवर्षं थांबणारा लेखक. झाडाला फर्निचरच्या रूपात दुसरं आयुष्य मिळतं ही त्यांची धारणा आहे, आणि आजोबांच्या माळ्याची फळी घरात असलेल्या माणसाला ती पटायला वेळ लागत नाही. मला तर लगेच पटली.

पण समीक्षा करायची तर विचारायला हवं की हे पुस्तक वाचून टीपॉय निवडणाऱ्याच्या हातात काय पडतं? भाव पडतो, नजर पडते. मोजमाप पडत नाही. 'आत्मा' हा शब्द नाकाशिमांच्या हातात खोटा नाही, कारण त्या शब्दामागे वाळवणीची शिस्त आहे, सांध्यांचं ज्ञान आहे. फुलपाखरी खुंटीचंच पाहा. खुंटीचे रेषे फळीच्या रेषांना आडवे असतात. लाकूड रेषांच्या दिशेने जवळजवळ लांब-आखूड होत नाही, म्हणून ती खुंटी भेगेच्या दोन्ही काठांना धरून ठेवते. यात भक्ती नाही, यांत्रिकी आहे. पुस्तक मात्र वाचकाला आधी भक्तीकडे नेतं. माझी तक्रार पुस्तकाहून जास्त त्याच्या वारसदारांबद्दल आहे. शिस्त गळून गेली आणि शब्द तेवढे उरले. दुकानाच्या माहितीपत्रकात "लाकूड जिवंत असतं, श्वास घेतं, त्याला वर्षातून दोनदा तेल पाजा" असं लिहिलेलं असतं. खुंटी तर कित्येकदा भेग नसलेल्या फळीवरच बसवलेली दिसते.

दुसरं पुस्तक आर. ब्रूस होडली यांचं 'अंडरस्टँडिंग वुड', पहिली आवृत्ती १९८०, दुसरी २०००. होडली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात लाकूडशास्त्राचे प्राध्यापक होते आणि स्वतः लाकडात कोरीवकामही करत. पुस्तक कारागिरांसाठी लिहिलेलं आहे, पण सवय शास्त्रज्ञाची. नाकाशिमा जिथे म्हणतील की लाकूड स्वभाव दाखवतं, तिथे होडली विचारतात किती, कुठल्या दिशेने आणि कशामुळे.

इथे थोडं थांबू, कारण खरा माल इथेच आहे. हिरव्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं पाणी आधी जातं, तेव्हा लाकूड हलकं होतं पण आकार बदलत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांवर ओलावा आला की भिंतींतलं पाणी जायला लागतं, आणि आकसणं तिथून सुरू होतं. हे पाणी हवेशी सतत देवाणघेवाण करतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल तर लाकडातला ओलावा ८ टक्क्यांजवळ स्थिरावतो, ८० टक्के असेल तर १६ च्या जवळ. झाड कापून दहा वर्षं झाली असोत की नव्वद, भिंतींची ही ओढ संपत नाही. 'मुरणं' म्हणजे सुरुवातीचं जास्तीचं पाणी जाणं. पावसाळ्यात पुन्हा ओलावा घेण्याची क्षमता त्याने जात नाही. माझं गृहीतक इथे मेलं.

आता दिशा. अमेरिकेच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या 'वुड हँडबुक'मध्ये सागाचे आकडे आहेत. ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वाढवलयांच्या कडेकडेने ५.८ टक्के आकसणं, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने २.५ टक्के. लांबीत नगण्य. साग इतर अनेक लाकडांपेक्षा कमी हलतो म्हणून त्याची कीर्ती, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. माझ्या टीपॉयचं गणित करा. ५.८ ला ३० ने भागा, ओलाव्यातल्या ८ टक्क्यांच्या फरकाने गुणा, रुंदी ६०० मिलिमीटर. उत्तर नऊ मिलिमीटरच्या थोडं वर. दुसऱ्या दिशेच्या आकड्याने केलं तर चार. गोल भोकांतल्या दहा घट्ट स्क्रूंनी मी लाकडाला सांगत होते की एकही मिलिमीटर हलायचं नाही.

होडलींचं पुस्तक मला सोडवून गेलं, पण त्यालाही मी सूट देणार नाही. त्यांची उदाहरणं मुख्यतः ओक, मेपल, चेरी, पाइन अशी, आणि घर थंडीत हीटरने कोरडं पडणारं. आपल्याकडे कोरडेपणा उन्हाळ्यात आणि ओलावा पावसाळ्यात, शिवाय मुंबईत एक तऱ्हा तर नागपुरात दुसरी. भारतीय मानक आयएस २८७ ने लाकडातल्या ओलाव्यासाठी देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग केलेत ते याचसाठी. तेव्हा तत्त्व होडलींकडून घ्या, आकडे आपल्या गावचे घाला. परदेशी स्केल जशीच्या तशी उचलून इथल्या विद्यार्थ्यांवर लावणारे प्रबंध शोधगंगेवर शोधावे लागत नाहीत, आपोआप भेटतात.

चीर पडल्यावर मी काकांना बोलावलं. त्यांनी एक शब्दही टोमणा मारला नाही, जे जास्त लागलं. एप्रिलमध्ये सगळे स्क्रू काढले, भोकं आडवी लांबट केली, खालूनही पॉलिशचे हात मारले. मग मी चीर नसलेल्या टोकाला पेन्सिलने खुणा करून रुंदी मोजली, मेच्या शेवटी आणि पुन्हा ऑगस्टमध्ये. फरक आला साधारण चार मिलिमीटर.

गणित नऊ म्हणत होतं. आता तुम्ही सांगा, चार का? फळ्यांची रुंदी मुख्यतः गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत असेल, म्हणून त्या दिशेचा आकडा. किंवा पॉलिशने ओलाव्याची ये-जा मंदावली, आणि पावसाळा संपेपर्यंत लाकूड १६ पर्यंत पोहोचलंच नाही. किंवा माझ्या हॉलमधली हवा मी धरली तितकी बदललीच नाही, कारण आर्द्रता मी मोजलीच नव्हती, धरून चालले होते. तिन्ही कारणं शक्य आहेत आणि माझा एक आकडा तिघांत निवाडा करू शकत नाही. त्यात मोजपट्टी एक मिलिमीटरची, म्हणजे चारमधलाही एखादा इकडे-तिकडे. कोटिंगवाली असल्यामुळे मला दुसरं कारण फार आवडतं. आवडतं, म्हणूनच त्यावर विश्वास ठेवायला मी तयार नाही. आरएसीपुढे "हे पॉलिशमुळेच" असं म्हणाले असते तर बाहेरच्या परीक्षकांनी दोन मिनिटांत फाडलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

काकांचंही सगळं खरं मानू नका. लांबट भोकांचं त्यांना हाताने माहीत होतं, पण जाताना ते म्हणाले, "दरवर्षी तेल द्या, लाकडाला खुराक लागतो." खुराक जिवंत पेशींना लागतो, फळीतल्या पेशी कधीच्या मेल्यात. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होतं आणि पृष्ठभागाजवळ एक पातळ थर बनवतं, काम तेवढंच. पाणी सांडलं तर पुसायला वेळ मिळतो आणि लाकूड खुलून दिसतं, हेही कमी नाही. पण पीयूचे हात मारलेल्या टॉपवर तेल चोळलं तर ते आत जाणारच नाही, वर चिकटून धूळ धरेल. बाजारातलं 'टीक ऑइल' सागापासून निघत नाही, बहुतेक वेळा ते जवस किंवा टंग तेल, व्हार्निश आणि पातळ करणारं द्रावण यांचं मिश्रण असतं.

आणि एक गोष्ट थट्टेवारी नेऊ नका. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते, बोळ्यात ती अडकते, आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फेब्रुवारी १९९१ मध्ये फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा इमारतीची आग जवसाच्या तेलाच्या फडक्यांपासूनच लागली होती, तीन अग्निशामक जवान गेले. फडकी बाहेर दोरीवर सुटी वाळत घाला.

गरम कपाचा पांढरा गोल डाग आला तर घाबरू नका, ओल पॉलिशच्या थरात अडकलीय, विशेषतः लाखेच्या पॉलिशमध्ये. काळा डाग मात्र पाणी लाकडापर्यंत पोहोचल्याची खूण.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडं. 'सॉलिड वुड' म्हणजे अखंड फळी असा अर्थ नाही, बोटांसारख्या सांध्यांनी जोडलेले रबरवुडचे तुकडेही सॉलिड वुडच, आणि त्यात फसवणूक नाही. दुकानदार 'शीशम' म्हणतो ते उत्तरेकडचं डाल्बर्जिया सिसू, आपण 'शिसव' ऐकतो ते डाल्बर्जिया लॅटिफोलिया. दोन वेगळी झाडं, दोन वेगळे भाव. (दोन्ही २०१७ पासून साइट्सच्या परिशिष्ट दोनमध्ये आहेत.) टीपॉय उलटं करून बघा. वरच्या बाजूला जसं पॉलिश आहे तसं खाली आहे का? टॉप फ्रेमला कसा धरलाय, लांबट भोकं आहेत, सरकणाऱ्या क्लिपा आहेत, की सरळ स्क्रू किंवा फेव्हिकॉल? विक्रेता हसेल, हसू द्या. हा शब्दच मुळात 'तिपाई'वरून आलाय, तीन पायांचा. चार पायांच्या वस्तूला आपण बिनदिक्कत टीपॉय म्हणतो, तर उलटं करायला कसली लाज.

दोन पुस्तकांत एक घ्यायचं असेल तर होडली घ्या. पण नाकाशिमा वाचले नसते तर चिरेसकट टॉप कदाचित मी विकून टाकला असता. काकांनी विचारलं होतं, चीर भरून टाकू का? लाकडाचा भुसा आणि गोंद घालून दिसेनाशी झाली असती. मी नको म्हटलं, खुंटीही बसवली नाही. ऑगस्टमध्ये तिच्यात पोस्टकार्डाची कड जात नाही, मेमध्ये जाते. आता एक स्वस्तातला आर्द्रतामापक घेतलाय आणि तो टीपॉयखालीच टांगलाय. वहीत दर रविवारी दोन आकडे लिहिते, हवेचा आणि रुंदीचा. आईला वाटतं ही थीसिसची कामं चाललीयत.