गाळात नाही म्हणजे रानात नव्हतं?

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, तळ्याच्या गाळातल्या प्राचीन डीएनएवरून जुनं जंगल कळतं, तर आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतले तलाव अजून कुणी का वाचले नाहीत? उत्तर जरा आडवळणाने द्यावं लागेल.

पद्धत सोपी वाटते. पानं, मुळ्या, शेण-लेंड्या तळाशी जातात, थरावर थर बसतो, आणि त्यात डीएनएचे बारीक तुकडे अडकून राहतात. परागकणांत भात, बांबू आणि रानगवत जवळजवळ सारखीच दिसतात. डीएनए ती वेगळी करू शकतो. २०२२ साली उत्तर ग्रीनलंडच्या जुन्या गाळातून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचं आख्खं रान असं वाचलं गेलं. पण तो गोठलेला मुलूख. आमच्याकडे मे महिन्यात तलाव आटतो, गाळाला भेगा पडतात, उरल्यासुरल्या पाण्यात म्हशी लोळतात. उष्णता नि हवा डीएनएला टिकू देत नाहीत.

इथे आम्हाला कुमारिल भट्टांच्या परंपरेतली अनुपलब्धी आठवते. जमिनीवर घडा दिसत नाही म्हणून तो नाही असं आपण म्हणतो, पण अट एक: असता तर दिसलाच असता. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यातून काही सिद्ध होत नाही. आमचा तापलेला गाळ म्हणजे ती अंधारी खोली. अमुक थरात मोहाचा अंश नाही, म्हणून दुष्काळात मोह संपला, असं कुणी लिहिलं तर आम्ही ते मान्य करणार नाही. अंश सापडला, तर गोष्ट वेगळी.

दुसरी आमची तक्रार 'हवामानामुळे' या शब्दाबद्दल आहे. लोणारचं सरोवर निसर्गाने घडवलेलं. तिथल्या सुमारे दहा मीटर गाळातून ११ हजार वर्षांचा पाऊसमानाचा अंदाज निघाला. त्यात सुमारे ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचे दोन लांब कोरडे काळ दिसतात. आमचे मालगुजारी तलाव नि बोड्या मात्र माणसांनी बांधलेल्या. गोंड राजांनी उत्तेजन दिलं, कोहळ्यांनी पाळी घातल्या, खाली धान पिकलं. अशा गाळात साग कमी झाला तर पाऊस दोषी की कुऱ्हाड? लोणारचा कोरडा काळ शेजारी ठेवल्याशिवाय निवाडा करणं म्हणजे साक्षीदार न तपासता निकाल देणं. आणि लोणार तरी इथून किती लांब, बुलढाण्यात!

शिवाय हा गाळ जागेवर राहतो कुठे? नागभीडकडच्या एका तलावावर उन्हाळ्यात आम्ही उभे होतो. ट्रॅक्टर गाळ भरून चालले होते. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "सर, एवढं खत बाजारात कुठं भेटते?" त्यांचं खरंच होतं. गाळ काढला नाही तर तलावात पाणी मावत नाही. सरकारी योजनाही तेच सांगते, आणि आम्ही तिच्या विरोधात नाही.

आमचं मागणं छोटं आहे. यंत्र उतरण्याआधी तलावाच्या सगळ्यात खोल जागी, जिथे पाणी शेवटी आटतं, तिथे एक नळी उभी खुपसून गाळाचा एक स्तंभ काढावा नि थंड जागी ठेवावा. डीएनए निघाला तर निघाला. नाही तर परागकण नि कोळशाचे कण तरी हाती लागतील. त्या म्हाताऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "घ्या ना सर, एका नळीनं माझं काय कमी होते."