तीस तुकड्यांचा दिवा

दिवाळी जवळ आली की शाळांतून आकाशकंदिलांची गडबड सुरू होते. कामट्या, खळ आणि पतंगाचा कागद यांच्या जोडीला आता प्लास्टिकचे सारखे तुकडे एकमेकांत अडकवून केलेला गोल दिवाही दिसतो. मूळ रचना डेन्मार्कच्या होल्गर स्ट्रोम यांची, १९७३ सालची. हा दिवा वर्गात आणावा का, असे शिक्षक विचारतात. आमचे उत्तर : जरूर आणावा, पण तेवढ्यावर थांबू नये.

प्रथम त्याचे गुण पाहू. तीसही तुकडे एकसारखे. गोंद नको, तार नको. नियम दोनच : निमुळते कोपरे पाच-पाच एकत्र आणायचे, पसरट कोपरे तीन-तीन. हिशेबही सुरेख जमतो. ३० तुकड्यांचे निमुळते कोपरे ६०, म्हणून पाचांच्या जागा १२. पसरट कोपरेही ६०, म्हणून तिघांच्या जागा २०. एकूण शिरोबिंदू ३२, कडा ६०, पृष्ठे ३०. ऑयलरचे सूत्र ताडून पाहा : ३२ + ३० = ६० + २. फळ्यावरचे सूत्र मुलांच्या हातात येते.

मग तक्रार कशाची? खरा प्रश्न असा, की सपाट तुकड्यांचा गोल होतोच कसा? या दिव्यामागच्या बहुफलकाचे प्रत्येक पृष्ठ म्हणजे एक समभुज चौकोन. त्याचा लघुकोन सुमारे ६३.४ अंशांचा, विशालकोन ११६.६ अंशांचा. पाच लघुकोन मिळून ३१७ अंश, तीन विशालकोन मिळून सुमारे ३५०. दोन्ही ठिकाणी ३६० पूर्ण होत नाहीत. जेवढे कमी पडतात तेवढा पृष्ठभाग फुगतो. सहा लघुकोन एकत्र आणले तर ३८० होतील आणि असा फुगवटा येणारच नाही. दिव्याचे सगळे मर्म या कोनात आहे, आणि नेमका तोच कारखान्यातून कापून येतो. शिवाय प्लास्टिक लवचीक. कोन थोडा इकडेतिकडे असला तरी ते वाकून जुळवून घेते. मुलाची चूक होत नाही, म्हणून त्याला प्रश्नही पडत नाही. दिवा पेटतो, टाळ्या पडतात आणि भूमिती तशीच अंधारात राहते.

म्हणून आमची सूचना अशी. तयार दिवा जोडून झाल्यावर मुलांना साध्या पुठ्ठ्याचे तुकडे स्वतः कापू द्यावेत. १६.२ आणि १० सें.मी.चे कर्ण एकमेकांना मध्यावर काटकोनात छेदतील असे काढावेत, टोके जोडावीत आणि कडांना चिकटवण्यापुरती पट्टी ठेवावी. एका गटाला मात्र मोठा कर्ण १४ सें.मी.च घ्यायला सांगावे. त्यांचे पाच कोन मिळून ३५५ अंश होतात, वाटी जवळजवळ सपाट राहते आणि पुठ्ठा दुमडल्याशिवाय गोल मिटत नाही. पहिल्या गटाचा मिटतो. 'असे का?' हा प्रश्न आता शिक्षकाला विचारावा लागणार नाही, मुलेच विचारतील. आत दिवा लावायचा तर एलईडीचाच लावावा, कागदाजवळ तापणारा बल्ब नको.

कामट्यांच्या कंदिलाचे मोठेपणही यातच आहे. चार कामट्यांची चौकट बांधली की ती डुगडुगते, तिरकी होते. कर्णावर एक कामटी बांधली की घट्ट उभी राहते. त्रिकोण का हलत नाही, हे ती कामटी सांगते. कंदील वाकडा झाला तर तो का झाला, हे शोधता येते.

सुबक दिवा बाजारातही मिळतो. शाळेत हवा तो बिघडू शकणारा दिवा. दिवाळीच्या प्रदर्शनात सर्वांत देखण्या कंदिलाला बक्षीस देताना, आपला कंदील का फसला हे ज्याला सांगता आले त्याच्यासाठीही एक बक्षीस राखून ठेवावे.