'फिक्टिशस' शब्द आणि तोतयाचे कागद

जुन्या कागदांविषयीं लिहितांना इंग्रजींतील 'फिक्टिशस' या विशेषणाचें भाषांतर कोणी 'बनावट', कोणी 'कल्पित', तर कोणी 'कृत्रिम' असें करितात. हे तीन शब्द एकार्थी समजणें आम्हांस घातक वाटतें.

मूळ लॅटिन धातु 'फिंगेरे', म्हणजे मातीस आकार देणें. कुंभारास 'फिगुलुस' म्हणत, तो शब्द याच धातूचा. आपल्या 'दिह्' धातूशीं, अर्थात् 'देह' शब्दाशीं, त्याचें नातें भाषाशास्त्रज्ञ मानितात. त्यावरून झालेल्या 'फिक्टिकियुस' याचा अर्थ 'घडविलेलें' एवढाच. प्लिनीनें तो कृत्रिम मद्यांस लाविला आहे. मनुस्मृतींतील बारा पुत्रांतही 'कृत्रिम' हा एक आहेच, व तेथें त्यास खोटा कोणी म्हणत नाहीं. 'स्प्यूरियस' हा शब्द मात्र अनौरस संततीचा, आणि 'फोर्ज' लोहाराच्या भट्टीचा.

हा भेद कोठें उपयोगीं पडतो, तें तुंगार्लीवरून राजमाचीस जाणाऱ्यानें पहावें. भाऊसाहेब 14 जानेवारी 1761 रोजीं पानिपतावर पडले. पुढें स्वतःस भाऊ म्हणविणारा एक कनोजा ब्राह्मण 1776 सालीं रत्नागिरीच्या कैदेंतून सुटला, कोंकणचे किल्ले घेत बोरघाट चढला, व याच राजमाचीच्या टापूंत पुण्याच्या फौजेनें त्यास मोडिलें. राघोजी आंग्र्यांनीं त्यास धरिलें आणि डिसेंबरांत पुण्यास त्याचा वध झाला. (केळकरांचें 'तोतयाचें बंड' हें नाटक कल्पित खरें, पण बंड कल्पित नव्हे.)

आतां त्या धामधुमींत तोतयाच्या हुकुमानें सुटलेलें एखादें पत्र कोणाच्या दप्तरांत निघालें, तर त्यास काय म्हणावें? कागद त्याच सालचा, अक्षर खऱ्या कारकुनाचें, तें घेणारा किल्लेदार खरा, आणि त्यानें किल्ला सोडला असेल तर तेंही खरें. खोटा एकच: ज्याच्या नांवानें तें लिहिलें तो. असें पत्र 'बनावट' म्हणून रद्दींत टाकणारा संशोधक बंडाचा अस्सल पुरावाच गमावील. उलट, इनामाच्या लोभानें मागाहून केलेली सनद बनावटच, मग तींतील नांवें झाडून सारीं खरीं कां असेनात! आणि बखरकारानें पदरचें घातलेलें संभाषण कल्पित असलें, तरी तेवढ्यानें बखर बनावट होत नाहीं.

म्हणून संग्राहकांनीं आपल्या यादींत कागद कसा व लिहविता कोण, हे दोन रकाने निराळे ठेवावे. कोंकणांतील जुन्या किल्लेदार घराण्यांत भाऊसाहेबांच्या नांवाचे, पण सन 1776 चे कागद 'खोटे' म्हणून बाजूस पडले असल्यास ते आधीं उलगडून पहावे.