वरून दिसतं, म्हणून सिद्ध होतं?

गिरीजच्या हिरा डोंगरीवर, म्हणजेच वज्रगडावर, बरंच लिहिलं गेलंय. बहुतेक लेखांचा साचा एकच. डोंगरी चढलो, दत्तमंदिरात दर्शन घेतलं, बुरुजाचे अवशेष पाहिले, वरून वसई दिसली. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: वसईच्या किल्ल्यावर नजर ठेवायला मराठ्यांनी हा गड बांधला. हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते ज्या पद्धतीने सिद्ध केलं जातं, त्यावर माझा आक्षेप आहे.

माझ्याही संशोधन आराखड्यात हे वाक्य होतं. मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला: 'कशावरून?' मी मुकाट्याने वरून काढलेला फोटो जोडला. फोटोत काय, तर झाडं, इमारती आणि पलीकडे समुद्र. हे महापालिकेचं शहर २००९ चं. त्याचा फोटो १७३९ चा पुरावा कसा होणार?

इथे दोन विधानांची गल्लत होते. एक, 'इथून दिसतं'. दोन, 'दिसावं म्हणून बांधलं'.

पहिलं तपासता येतं. जमिनीच्या उंचीची माहिती घेऊन क्यूजीआयएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये दृश्यक्षेत्र काढा. कुठून कुठलं ठिकाण आडोशाला जातं ते कळतं. पण तेव्हाची झाडी किती उंच होती, हे तुम्हालाच गृहीत धरावं लागतं. ते गृहीतक लिहून ठेवा.

दुसऱ्यासाठी कागदच हवेत, आणि इथे तारीख फार महत्त्वाची. वसईची मोहीम १७३७ ला सुरू झाली. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला चिमाजी अप्पांच्या स्वाधीन केला. डोंगरीवरचं बांधकाम त्याआधीचं असेल, तर नजर शत्रूवर होती. नंतरचं असेल, तर वसईचा किल्ला आपलाच झाला होता. मग गड त्याच्या राखणीसाठी. काही महिन्यांच्या फरकाने हेतू उलटा होतो! गो. स. सरदेसाईंनी संपादलेल्या 'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद' या ४५ खंडांत एक अख्खा खंड वसईच्या मोहिमेचा आहे. सुरुवात तिथून करा.

नावाकडेही बघा. 'वज्र' या शब्दाचा एक अर्थ हिराच. मग डोंगरीचं नाव गडाला मिळालं की गडाचं डोंगरीला? कुठलं नाव कुठल्या सालच्या कागदात येतं, याची साधी यादी केली तरी एक छान टिपण होईल.

डोंगरी जरूर चढा. फक्त खाली उतरल्यावर वहीत दोन रकाने करा: 'पाहिलं' आणि 'मानलं'. माझं ते लाडकं वाक्य सध्या दुसऱ्या रकान्यात आहे.