दहा राग आणि तीन यंत्रे : एका ध्वनिमुद्रिकेचे पुनःश्रवण

१९८२ साली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वादक म्हणून आयुष्य घालविलेले मुंबईचे चरणजित सिंग हे तिचे कर्ते. त्या काळी ती दुर्लक्षितच राहिली. २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेने तिचे पुनर्प्रकाशन केले आणि शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाच्या ‘ॲसिड ट्रॅक्स’ (१९८७) या रचनेला पाच वर्षे आधीचा पूर्वज लाभला, असा गौरव पाश्चात्त्य समीक्षेत सुरू झाला. प्रस्तुत लेखकास हा गौरव अपुरा वाटतो. त्यामुळे मुद्रिकेला दुसऱ्यांच्या इतिहासातील तळटीप होऊन राहावे लागते.

दोन्हीकडे यंत्र एकच आहे : रोलंड कंपनीचे टीबी-३०३. ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये सुरावट जवळजवळ नाहीच, बटण फिरवून बदलत जाणारा नादाचा पोत हाच तिथला आशय होय. सिंग यांच्याकडे मात्र हे यंत्र खालच्या स्वरांत फिरत राहते, टीआर-८०८ ठोका धरते आणि ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर प्रत्यक्ष राग वाजतो. साधनांचे साम्य म्हणजे सौंदर्यदृष्टीचे साम्य नव्हे.

मग ही मुद्रिका रागसंगीत म्हणून ऐकावी काय? ऐकावीच, परंतु सवलत न देता. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे, पण त्या घसरणीचा काळ ठरलेला. मींड कोठे रेंगाळावी हे गायक ठरवितो. येथे ते आधीच ठरलेले असते. तोडीत ही उणीव सर्वाधिक जाणवते. तिचा अतिकोमल गांधार समान अंतराच्या बारा स्वरांत मिळतच नाही आणि जे उरते ते तोडीचे केवळ रेखाचित्र. तालाचेही तसेच. यंत्राच्या सोळा घरांमुळे त्रितालाची आठवण होते खरी, मात्र प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा असल्याने खाली नाही, आणि खालीविना समेची ओढही नाही.

मालकंसात मात्र हाच दोष गुण ठरतो. ऋषभ-पंचम वर्ज्य असलेल्या या रागाची मोजकी स्वरसामग्री आवर्तनामागून आवर्तन तशीच राहते. विस्ताराची अपेक्षा हळूहळू गळून पडते आणि कान एकेका स्वराच्या पुनरागमनाकडे लागतात. पाश्चात्त्य मिनिमलिस्ट संगीतकारांपैकी टेरी रायली १९७० मध्ये किराना घराण्याच्या पं. प्राणनाथ यांचे शिष्य झाले. पुनरावृत्तीकडून ते रागाकडे आले. सिंग यांचा प्रवास उलट दिशेचा, तोही कोणत्याही सिद्धान्ताविना, स्टुडिओतल्या सवयीने घडलेला. (‘प्रयोगशील’ हे विशेषण आपण बहुधा जाहीरनामा लिहिणाऱ्यांसाठीच राखून ठेवतो.)

आपल्या संगीत विभागांतून इलेक्ट्रॉनिक तानपुरा वर्षानुवर्षे निःसंकोच वाजतो. त्याचे समान अंतराने फिरणारे, न थकणारे आवर्तन आपल्याला खटकत नाही, कारण ते पार्श्वभूमीला असते. सिंग यांनी तशीच यांत्रिक अविचलता पुढे आणून बसविली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर परदेशांतील रंगमंचांवर त्यांना या रागांसाठी बोलावणी आली होती. मराठीतील संगीतसमीक्षेने तोडीबद्दलचा आक्षेप तरी नोंदवायला हवा होता.